खांद्याचा कृत्रिम सांधा : दुसऱ्या शस्त्रक्रियेचा इतिहास

१/ वैद्यकाचा इतिहास आपण बहुधा ‘पहिले कोणी केले?’ या प्रश्नाभोवती वाचतो. खांद्याच्या कृत्रिम सांध्याचा इतिहास मात्र निराळा प्रश्न विचारायला लावतो : बसवलेले उद्या काढावे लागले, तर रुग्णाचे काय?

२/ पॅरिस, १८९३. क्षयाने खांदा पोखरलेल्या ३७ वर्षांच्या रुग्णाने हात कापून घेण्यास नकार दिला. तेव्हा शल्यविशारद ज्यूल एमिल पेआँ यांनी एका दंतवैद्याकडून सांधा घडवून घेतला : प्लॅटिनमची नळी आणि पॅराफिनमध्ये उकळून कठीण केलेला रबरी गोळा. जंतुसंसर्ग हटला नाही. सुमारे दोन वर्षांनी तो सांधा काढावा लागला.

३/ १९५५ साली अमेरिकेतील चार्ल्स नीर यांनी दंडाच्या हाडात बसवायच्या धातूच्या गोळ्याचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यात गोळा व दांडा एकसंध होते. पुढे ते सुटे झाले आणि रुग्णाच्या मापाचा गोळा निवडता येऊ लागला.

४/ १९८५ मध्ये फ्रान्समधील दिजाँ येथे पॉल ग्रामाँ यांनी रचनाच उलटवली : गोळा फऱ्याच्या हाडाकडे, वाटी दंडाकडे. रोटेटर कफचे स्नायू निकामी झाले, तरी डेल्टॉइड स्नायूच्या बळावर हात वर उचलता येऊ लागला.

५/ मात्र जुन्या रचनेचा सांधा बसवलेल्या रुग्णाचे हे स्नायू पुढे फाटले तर? उलट्या सांध्यासाठी हाडात रुतलेला दांडा उपटावा लागे आणि त्यात हाड मोडण्याचा धोका असे. परिवर्तनीय सांध्यात दांडा तसाच राहतो. गोळा काढून त्याजागी वाटी बसते.

६/ आक्षेपही रास्त आहेत. पहिला दांडा फार उंच वा चुकीच्या कोनात बसला असेल, तर तो काढावाच लागतो. सुट्या भागांच्या जोडावर धातू झिजू शकतो. म्हणजे पुढच्या बदलाची सोय पहिल्या शस्त्रक्रियेच्या अचूकपणावरच अवलंबून असते.

७/ तरीही माझ्या मते या इतिहासातील सर्वांत प्रगल्भ पाऊल हेच. आपले काम कधीतरी अपुरे पडेल, हे येथे रचनाकाराने आधीच मान्य केले आणि पुढच्या शल्यविशारदासाठी वाट मोकळी ठेवली.

८/ तेव्हा मित्रहो, कोणताही शोध वाचताना पहिल्या यशाची तारीख जरूर टिपा. पण तो फसला तेव्हा माणसाच्या हाती काय उरले, हेही शोधा. पेआँच्या रुग्णाची दोन वर्षेही इतिहासच आहेत.