कोयता बनवणाऱ्याकडं संशयानं का बघता?

पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्या आल्या की आपल्याकडं रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या घिसाड्याकडं लोक वाकड्या नजरेनं बघतात. हे चूक आहे राव! शिरूर-दौंड हा उसाचा पट्टा. गाळप सुरू झालं की न्हावऱ्यापासून पाटसपर्यंत फडाफडात कोयता लागतोच. ऊसतोडीत तर नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, मुकादम उचल देतो ती त्याच हिशोबानं.

आणि तो घडवणं सोपं नाही. भंगारातल्या गाडीच्या कमानपाट्याचा तुकडा भात्यावर लाल करायचा, ऐरणीवर घणाखाली ओढायचा, मग धारेला पाणी द्यायचं. पाणी जास्त बसलं तर धार तुटते, कमी बसलं तर वळते. हे सगळं नजरेनं, लोखंडाच्या रंगावरून. घण बऱ्याचदा घरातली बाई मारते, हेही कुणी मोजत नाही.

विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. त्यातल्या 18 व्यवसायांत लोहारकाम आहे. अवजारांसाठी 15 हजार, पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत, व्याज 5 टक्के. पण खेड्यात अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत. वर्षभर फिरणाऱ्याला कुठली ग्रामपंचायत आपला म्हणणार? हंगामात पाल जिथं पडलंय, तिथल्याच ग्रामपंचायतीनं पडताळणी करावी आणि बाजारतळावर भट्टीपुरती जागा द्यावी. सरपंच मंडळी, येत्या ग्रामसभेत हा विषय घेताय का? कमेंटमध्ये गावाचं नाव टाका, मी बातमी करायला येतो.