डावा खांदा, उजवी बंदूक

बँकेत पस्तीस वर्षे काढली, पण बंदुकीशी माझा संबंध आला तो कॅशच्या पेटीबरोबर. चिखली शाखेत 1992 च्या सुमारास आमच्याकडे एक सुरक्षारक्षक होते. सैन्यातून निवृत्त झालेले, सहा फूट उंच, बोलणे अस्सल वऱ्हाडी. दारापाशी स्टुलावर बसत आणि मांडीवरची दुनळी बारा बोअर डाव्या बाजूला कलती ठेवत. एकदा मी विचारले, तर मनगटाच्या वरचा एक पांढुरका डाग दाखवून म्हणाले, ‘‘साहेब, खांदा माहा डावा अन् रायफल सरकारची उजवी. तिची पुंगळी इथं लागली. ही दुनळी बरी हाये, ही डावं-उजवं पाहत नाही.’’

त्या वाक्यातले शास्त्र मला पुष्कळ वर्षांनी कळले. दुनळी मधोमध मोडते, काडतूस मागून घालायचे, सेफ्टी मानेवर अंगठ्याखाली. बाजूला खिडकी म्हणून नाहीच. अर्धस्वयंचलित रायफलीचे तसे नाही. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते, त्याच गोळीच्या वायूचा दाब बोल्ट मागे ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि पुढची गोळी आपोआप नळीत चढते. ही तापलेली पुंगळी उडते उजवीकडे. उजव्या खांद्यावरून झाडणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. डाव्या खांद्यावर दस्ता टेकवणाऱ्याचे तोंड मात्र नेमके खिडकीच्या बाजूला येते. मग पुंगळी हातावर, नाहीतर थेट गळ्यातून सदऱ्यात!

हे सगळे आठवायचे कारण माझा भाचा. मेहकरकडचा हा पोरगा निमलष्करी दलात आहे. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी भरतीची पोरे गावोगाव दिसतात. 14 फेब्रुवारी 2019 रोजी पुलवामात जे 40 जवान गेले, त्यांत दोघे याच जिल्ह्यातले होते, एक मलकापूरचा आणि एक लोणार तालुक्यातला. तेव्हा रायफल हा आमच्याकडे हौसेचा विषय नाही, घराघरातला विषय आहे. दिवाळीच्या सुटीत भाचा म्हणाला, ‘‘मामा, मी डावरा. उस्ताद म्हणतात उजव्यानंच मार. निशाणा पार बिघडला हो.’’

मला माझा हवालदार आठवला. 1977 साली एनसीसीच्या शिबिरात मी पॉईंट टू-टू रायफल डाव्या खांद्याला लावली, तर त्याने पाठीत धपाटा घालून ती उजव्या खांद्यावर आणली. घरी डाव्या हाताने जेवल्याबद्दल खाल्लेला मार आणि हा धपाटा मी एकाच खात्यावर जमा केला. पुढे एका कादंबरीत त्या हवालदाराला खलनायक करून हिशेब चुकताही केला.

भाच्यासाठी म्हणून थोडे वाचले, आणि एक साधी गोष्ट हाती लागली. नेमबाजीत हातापेक्षा डोळा मोठा. आपल्या दोन डोळ्यांपैकी एक मालक असतो, दुसरा मदतनीस. तुम्हीही आज घरी करून पाहा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये लहानशी फट ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून तीतून समोरच्या देवळाचा कळस पाहा आणि मग आळीपाळीने एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला कळस जागेवर दिसतो, तो मालक. भाच्याने केले. हात डावा, डोळाही डावा. मग मी केले. हात डावा, पण डोळा उजवा!

म्हणजे हवालदार बरोबरच होता, पण चुकून. त्याने माझा डोळा तपासला नव्हता, फक्त रांग सरळ केली होती. तोच धपाटा भाच्याला घातला तर तो अन्याय ठरतो. हात आणि कौशल्य यांचे नाते असे सरळ नसतेच. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने आणि फलंदाजी करतो उजव्या हाताने. हंगेरीच्या कारोली टाकाचचा उजवा हात 1938 साली हातबॉम्बने गेला. त्याने डाव्या हाताने सराव केला आणि 1948 व 1952 अशा दोन ऑलिम्पिकमध्ये पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. माणूस बदलू शकतो, यात शंका नाही. पण बदल त्याच्या गरजेने व्हावा, शिकवणाऱ्याच्या सोयीने नव्हे.

अमेरिकेत डावखुरा माणूस दुकानात जाऊन डावीकडे खिडकी असलेली अर्धस्वयंचलित रायफल निवडू शकतो. आपल्याकडे अशी रायफल सामान्य परवान्यावर मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. पण म्हणूनच निवडीची जबाबदारी सरकारवर येते. जवान दुकानात जात नाही. शस्त्रागारातून मिळेल ती रायफल घेतो. एसएलआर आणि इन्सासचे कॉकिंग हँडल व सेफ्टी डावीकडे, उजव्या माणसाच्या सोयीने. एके रायफलीचे हँडल उजवीकडे असल्याने डावखुऱ्याला ते उलट सोयीचे पडते; पुंगळी मात्र तिथेही उजवीकडेच. ब्रिटिशांची एसए-80 तर डाव्या खांद्यावरून झाडताच येत नाही. तिची खिडकी गालापाशीच आहे.

उपाय नाहीत असे नाही. अमेरिकन एम-16 च्या 1980 च्या दशकातल्या सुधारित आवृत्तीत खिडकीमागे एक लहानसा उंचवटा दिला, त्यावर आपटून पुंगळी तोंडापासून दूर जाते. ऑस्ट्रियाची ऑग आणि इस्रायलची टॅव्हॉर बोल्ट बदलून डावखुऱ्यासाठी लावता येतात. जगात साधारण दहात एक माणूस डावखुरा असतो. हजारोंनी रायफली विकत घेताना सेफ्टी आणि मॅगझिनची कळ दोन्ही बाजूंना असावी, पुंगळीला आडोसा असावा, एवढे निविदेत लिहायला काय हरकत आहे? आणि भरतीत छाती-उंची मोजतो तिथेच डोळ्याचीही चाचणी घ्यावी. तिला एक मिनिट लागते आणि एक पैसाही लागत नाही.

भाचा परत जाताना मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. सरावाला गळ्याचे बटण लावून जा, डोळ्यांना चष्मा घाल. आणि उस्तादांशी वाद न घालता ती फटीतून बघायची चाचणी त्यांनाच एकदा करून दाखवायला सांग. परवा फोन आला. उस्तादांनी चाचणी केली म्हणे, सगळ्या तुकडीची. भाच्याला डाव्या खांद्याने पाच गोळ्या मारू दिल्या.

‘‘किती लागल्या रे?’’

‘‘चार, मामा. पाचवीच्या वेळी पुंगळी कानाला लागली.’’

हवालदाराची माफी मागायला आता तो कुठे सापडायचा? पुढच्या आवृत्तीत निदान त्याचे खलनायकपण तरी कमी करीन.