विजेतेपदे मोजावीत की खेळ?

फिलिपिन्समधील सर्वश्रेष्ठ पूल खेळाडू कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या देशात शाळकरी मुलालाही पाठ असते. मनिलातील कोणत्याही बिलियर्ड्सच्या हॉलमध्ये विचारले, तर एफ्रेन रेयेस हेच नाव प्रथम ऐकू येईल. दुसरा कोण, तिसरा कोण, येथपासून वादाला सुरुवात होते. परंतु वास्तविक वाद व्हावयास हवा तो पहिल्या उत्तराविषयीच; ते नाव चुकीचे आहे म्हणून नव्हे, तर ते कोणत्या निकषावर दिले जाते हे कोणी सांगत नाही म्हणून. कारण अधिकृत जागतिक विजेतेपदांची बेरीज हाच एकमेव निकष मानला, तर रेयेस यांचा पहिला क्रमांक टिकत नाही.

ही बेरीज सोपी आहे. रेयेस यांनी १९९९ साली कार्डिफ येथे नाइन-बॉलचे आणि २००४ साली फुजैरा येथे एट-बॉलचे जगज्जेतेपद मिळविले. दोन निरनिराळ्या प्रकारांत जगज्जेता होण्याचा हा पहिलाच पराक्रम होता. परंतु रॉनी अल्कानो यांनी २००६ साली मनिला येथे नाइन-बॉलचे आणि २००७ साली फुजैरा येथे एट-बॉलचे, अशी नेमकी हीच दोन पदे जिंकली. कार्लो बियादो यांनी २०१७ आणि २०२५ अशी दोनदा नाइन-बॉलची स्पर्धा जिंकली. असे करणारे ते पहिलेच फिलिपिनो होत. शिवाय २०२१ ची अमेरिकन ओपन स्पर्धाही त्यांच्या नावावर आहे. आणि रुबिलेन अमित? महिलांच्या टेन-बॉलमध्ये २००९ व २०१३ साली आणि नाइन-बॉलमध्ये २०२४ साली, अशी तीन जगज्जेतेपदे त्यांनी दोन प्रकारांत मिळविली आहेत. केवळ पदके मोजावयाची, तर फिलिपिन्सचा एकही पुरुष खेळाडू त्यांच्या पुढे जात नाही. तरीही श्रेष्ठ खेळाडूंच्या प्रचलित याद्यांमध्ये अल्कानो रेयेस यांच्या बरोबरीने बसत नाहीत आणि अमित यांचे नाव तर बहुधा यादीतच नसते. याचा अर्थ याद्या करणारे विजेतेपदे मोजत नाहीत. ते दुसरे काहीतरी मोजतात. ते काय, हे स्पष्ट झाले पाहिजे.

त्यासाठी प्रथम हे ध्यानात घ्यावे लागते, की पूल हा एक खेळ नाही. एकाच टेबलावर, त्याच क्यूने आणि त्याच चेंडूंनी खेळावयाच्या अनेक खेळांचे ते सामायिक नाव आहे. नाइन-बॉलमध्ये सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला प्रथम स्पर्श करावा लागतो आणि नऊ क्रमांकाचा चेंडू पॉकेटमध्ये घालणारा डाव जिंकतो. एट-बॉलमध्ये खेळाडूने आपल्या वाट्याचे सात चेंडू संपवून मग आठव्याकडे वळावयाचे असते. वन-पॉकेट या प्रकारात टेबलाच्या सहा पॉकेटांपैकी फक्त एकच पॉकेट खेळाडूच्या मालकीचे असते आणि त्यात प्रतिस्पर्ध्याआधी आठ चेंडू घालावयाचे असतात. येथे नेमापेक्षा संयमाची आणि बुद्धिबळाच्या पटावर शोभेल अशा दूरदृष्टीची परीक्षा होते. बँक पूलमध्ये प्रत्येक चेंडू टेबलाच्या कडेवर आपटून परत आणूनच पॉकेटमध्ये घालावा लागतो. आणि कॅरम बिलियर्ड्सच्या टेबलाला तर पॉकेटच नसते. घरच्या कॅरमवर सरळ सोंगटी घेणारा आणि रिबाउंडवर घेणारा यांच्यातला फरक ज्याने पाहिला आहे, त्याला या भेदांचे मर्म सहज कळेल. एका प्रकारातील निष्णात खेळाडू दुसऱ्या प्रकारात अगदी सामान्य ठरू शकतो.

फिलिपिन्सचा खरा देशी खेळ मात्र यांपैकी कोणताच नव्हे. तो आहे रोटेशन. त्यात पंधराही चेंडू टेबलावर असतात, नेहमी सर्वांत लहान क्रमांकाचा चेंडू प्रथम मारावा लागतो आणि ज्या क्रमांकाचा चेंडू पॉकेटमध्ये जाईल तेवढे गुण मिळतात. एकूण गुण १२०. त्यामुळे ६१ गुण होताच डाव जिंकला जातो. पंधरा चेंडूंच्या गर्दीत हवा तो चेंडू बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी आड दडलेला असतो. म्हणून पांढरा चेंडू एका कडेवरून दुसऱ्या कडेवर फिरवून त्या दडलेल्या चेंडूपर्यंत पोहोचविण्याची कला खेळाडूला आत्मसात करावीच लागते. नाइन-बॉलमध्ये जी युक्ती अडचणीच्या प्रसंगी उपयोगी पडते, ती रोटेशनमध्ये रोजची भाकरी असते.

रेयेस यांची घडण या खेळात झाली. १९५४ साली पांपांगा प्रांतात जन्मलेला हा मुलगा पाचव्या वर्षी मनिलात मामा-काकांच्या आश्रयाला आला. नातेवाइकाचा ‘लकी थर्टीन’ नावाचा बिलियर्ड्सचा हॉल होता. रात्री टेबलावरच झोपावयाचे, दिवसा पडेल ते काम करावयाचे आणि हात टेबलापर्यंत पोहोचत नाहीत म्हणून शीतपेयांच्या खोक्यांवर उभे राहून खेळावयाचे, असे ते शिक्षण होते. ‘बाता’ म्हणजे पोर, हे टोपणनावही त्याच दिवसांतले. थोरल्या एफ्रेनपासून वेगळा ओळखता यावा म्हणून दिलेले. १९८५ साली ते अमेरिकेतील ह्यूस्टन येथे सेझार मोरालेस या खोट्या नावाने पैजेचे सामने खेळावयास गेले, तेव्हा तेथील नामांकित खेळाडूंना आपण कोणाशी खेळत आहोत याचा पत्ताही नव्हता. १९९४ साली अमेरिकन ओपन जिंकणारे ते पहिले परदेशी खेळाडू ठरले. पुढल्याच वर्षी रेनो येथे अर्ल स्ट्रिकलंड यांच्याविरुद्ध, दडलेला चेंडू दोन कडांवरून गाठून पॉकेटमध्ये घालण्याचा जो फटका त्यांनी मारला, तो आजही जाणकार तोंडात बोट घालून पाहतात. त्यात चमत्कार काही नव्हता. रोटेशनच्या टेबलावर गेलेल्या बालपणाचे ते व्याज होते. १९९६ साली हाँगकाँग येथे त्याच स्ट्रिकलंड यांच्याशी तीन दिवस चाललेला, प्रथम १२० डाव जिंकणाऱ्याला एक लाख डॉलर देणारा सामना रेयेस यांनी १२०-११७ असा जिंकला.

आता तारखांकडे पाहावे. नाइन-बॉलची जागतिक स्पर्धा १९९० साली सुरू झाली, एट-बॉलची २००४ साली आणि टेन-बॉलची २००८ साली. म्हणजे रेयेस यांच्या ऐन उमेदीच्या काळात जिंकावयास जगज्जेतेपदच नव्हते. पहिले पद त्यांना पंचेचाळिशीच्या सुमारास मिळाले, दुसरे पन्नाशीच्या उंबरठ्यावर. त्यांच्याहूनही थोरले होसे पारिका यांच्यावर तर काळाने अधिकच अन्याय केला. अमेरिकेतील स्पर्धांचे दार फिलिपिनो खेळाडूंसाठी ज्यांनी प्रथम ठोठावले, त्यांत पारिका अग्रभागी होते. पदकांच्या तक्त्यात मात्र त्यांच्या नावापुढची जागा जवळजवळ कोरीच राहते.

बेरजेतून न दिसणारे हे मोठेपण एका स्पर्धेत मात्र स्पष्ट दिसते. अमेरिकेत १९९९ पासून भरणाऱ्या डर्बी सिटी क्लासिक या मेळ्यात बँक पूल, वन-पॉकेट आणि नाइन-बॉल असे तिन्ही प्रकार खेळले जातात आणि तिन्हींतील गुणांची एकत्र गणना करून सर्वांगीण विजेता ठरविला जातो. हा मान रेयेस यांनी पाच वेळा मिळविला. पुढे २०२२ साली हनोई येथील आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धेत, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी पॉकेट नसलेल्या टेबलावरील एक-कुशन कॅरममध्ये कांस्यपदक पटकावले. ज्या वयात इतर खेळाडू आठवणी सांगतात, त्या वयात हा माणूस निराळ्याच खेळात पदक मिळवीत होता.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पैजेच्या सामन्यांची नोंद नसते. आठवणी काळाबरोबर गोड होत जातात. आणि जुन्या काळी प्रतिस्पर्धी थोडे होते, असे आक्षेपकांचे म्हणणे आहे. आज तैवान, पोलंड, स्पेन, जर्मनी, अमेरिका अशा अनेक देशांतून तयारीचे तरुण खेळाडू येतात. अशा गर्दीतून वाट काढीत बियादो यांनी चाळिशी ओलांडल्यावर जेद्दा येथे फेदोर गोर्स्ट यांना १५-१३ असे नमविले, ही कामगिरी रेयेस यांच्या कोणत्याही विजयाहून कमी कशी मानावी? प्रश्न रास्त आहे. एकेका स्पर्धेचा कस लावावयाचा, तर आजची स्पर्धा अधिक कठीण आहे हे मान्य केले पाहिजे. गोल्फच्या मैदानावर कॅडीचे काम केलेल्या या खेळाडूच्या जिद्दीला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्यावरून एवढेच सिद्ध होते, की नाइन-बॉल या एका खेळात बियादो यांना रेयेस यांच्या शेजारी, कदाचित एक पाऊल पुढेही, बसविता येईल. टेबलावरच्या सर्व खेळांचा विचार करावयाचा असेल, तर त्या सर्व खेळांची साक्ष काढावी लागेल.

तशी साक्ष काढली, की रेयेस यांच्या मागची रांगही बदलते. दुसरे स्थान अॅलेक्स पागुलायान यांना द्यावे लागेल. इसाबेला प्रांतात जन्मून कॅनडात वाढलेल्या या खेळाडूने २००४ साली तैपेई येथे नाइन-बॉलचे जगज्जेतेपद आणि २००५ साली अमेरिकन ओपन जिंकले. शिवाय ज्या स्नूकरमध्ये फिलिपिनो खेळाडू सहसा दिसत नाहीत, त्यात कॅनडाचे राष्ट्रीय अजिंक्यपदही एकाहून अधिक वेळा मिळविले. त्यांना फिलिपिनो म्हणावे की कॅनेडियन, हा वाद पारपत्राचा आहे, खेळाचा नव्हे. तिसरे फ्रान्सिस्को बुस्तामांते. २००२ साली कार्डिफ येथील जागतिक स्पर्धा चालू असतानाच त्यांची तान्ही मुलगी दगावली. तशाही स्थितीत ते अंतिम फेरीपर्यंत पोहोचले आणि थोडक्यात हरले. ते पद त्यांनी २०१० साली दोहा येथे मिळविले. रेयेस यांच्या जोडीने २००६ व २००९ साली दुहेरीचा विश्वचषकही त्यांनी जिंकला.

चौथ्या स्थानासाठी अमित, अल्कानो, बियादो आणि २०११ सालचे एट-बॉलचे जगज्जेते डेनिस ओर्कोयो अशी चार नावे पुढे येतात. यांत अमित यांचे पारडे जड वाटते. दोन निरनिराळे खेळ आणि पहिल्या व शेवटच्या पदामध्ये पंधरा वर्षांचे अंतर, हे सातत्य उरलेल्या तिघांत आढळत नाही. महिलांच्या स्पर्धा वेगळ्या, म्हणून त्यांची यादीही वेगळी, हा युक्तिवाद सोयीचा आहे. परंतु श्रेष्ठत्व ज्याच्या-त्याच्या स्पर्धेतील प्रतिस्पर्ध्यांवरून जोखावयाचे असते, हा नियम पुरुषांना लावून महिलांना नाकारण्यास आधार नाही. २०२३ साली चेझ्का सेंतेनो यांनीही टेन-बॉलचे जगज्जेतेपद मिळविल्यावर तर हे मौन अधिकच विचित्र दिसते.

खेळांच्या अनेकपणाचा हा प्रश्न भारतालाही नवा नाही. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यास बिलियर्ड्सचे हौशी जागतिक अजिंक्यपद मिळविले. पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवाणी यांनी बिलियर्ड्स आणि स्नूकर या दोन्ही खेळांत मिळून पंचवीसहून अधिक जागतिक पदे जिंकली आहेत आणि त्यांची थोरवी सांगताना कोणीही केवळ आकडा सांगून थांबत नाही. दोन भिन्न स्वभावांच्या खेळांवरील प्रभुत्व हाच त्यांच्या गौरवाचा गाभा मानला जातो. फरक एवढाच, की भारतात हे खेळ प्रामुख्याने क्लबांच्या आणि जिमखान्यांच्या छताखाली वाढले, तर फिलिपिन्समध्ये ते गल्लीतल्या हॉलमध्ये, पैजेच्या पैशावर आणि गरिबीच्या सोबतीने वाढले.

आणि येथेच या वादाचे गांभीर्य आहे. क्रमवारी ही निरुपद्रवी करमणूक नसते. जे मोजले जाते त्यालाच पैसा मिळतो आणि ज्याला पैसा मिळतो तेच नवी पिढी शिकते. २००६ साली एट-बॉलच्या एका अमेरिकन मालिकेत रेयेस यांना पाच लाख डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. ती मालिका त्याच वर्षी कोसळली आणि बक्षिसांच्या रकमा थकल्या. आज दूरचित्रवाणीच्या सोयीचा, झटपट संपणारा नाइन-बॉल हाच पैशाचा मुख्य प्रवाह आहे. रोटेशनला त्याच्या तोडीची जागतिक स्पर्धा नाही. वन-पॉकेटचा डाव प्रेक्षकांना लांबट वाटतो. मनिलातल्या एखाद्या हुशार मुलाने आज नाइन-बॉलखेरीज दुसरे काही शिकूच नये, असे व्यवहार सांगतो आणि त्या मुलाला दोष देता येत नाही. परंतु ज्या पंधरा चेंडूंच्या गर्दीने रेयेस यांना घडविले, ती गर्दीच टेबलावरून उठली, तर फिलिपिन्सला जगज्जेते मिळत राहतील. दुसरा रेयेस मात्र मिळणार नाही.

म्हणून फिलिपिन्सच्या क्रीडासंघटकांनी आणि याद्या करणाऱ्यांनी नावांच्या आधी खेळ मांडावेत. राष्ट्रीय स्पर्धेत रोटेशन, वन-पॉकेट आणि कॅरम यांच्या गुणांची एकत्र गणना करून सर्वांगीण विजेता ठरविण्याची पद्धत सुरू करणे फारसे खर्चाचे नाही. रेयेस यांचा गौरव त्यांचे पुतळे उभारून होईल तितकाच, किंबहुना अधिक, त्यांनी ज्या खेळांवर हुकमत मिळविली ते खेळ जिवंत ठेवून होईल.