शिरोडकरच्या मनात काय होते?

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ साली आली. सुजय डहाके यांचा त्यावरचा चित्रपट २०१२ साली. काळ आणीबाणीचा, वर्ग नववीचा. कादंबरी मुकुंदच सांगतो, त्यामुळे त्याची धडधड, भीती, शरम आपल्याला आतून कळते. शिरोडकर मात्र त्याला दिसते तेवढीच. पडद्याने तिला चेहरा दिला, डोळे दिले. मन मात्र मुकुंदचेच राहिले. शेवटी ती निघून जाते आणि आपण त्याच्यासाठी हळहळतो.

मी नंदुरबार जिल्ह्यात काम करते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या कितीतरी मुली आश्रमशाळेत राहून शिकतात. चिठ्ठी सापडली की मुलाला दटावणी मिळते. मुलीची मात्र शाळाच सुटते, लग्नाची बोलणी सुरू होतात. ती जेवेनाशी, बोलेनाशी झाली तर म्हणायचे, ‘नाटकं करते’. मुलाचे ते कोवळे प्रेम, मुलीची ती बदनामी!

म्हणून माझे म्हणणे असे, की मुलींच्या गटात हा चित्रपट जरूर दाखवा. पण दिवे लागल्यावर विचारा, शिरोडकरच्या मनात काय चालले असेल? या मुलींना ते सांगता येईल. आपण ऐकायला बसले पाहिजे.