फीत जपायची की वाजवणारा हात?

युगांडातल्या बुसोगा राज्यात राजाचा अंत्यविधी आणि नव्या राजाचा राज्याभिषेक बिगवालाशिवाय होत नसे. बिगवाला म्हणजे लांबट भोपळ्यांचे तुकडे एकमेकांत बसवून केलेले कर्णे. एका कर्ण्यातून एकच सूर निघतो, म्हणून धून उभी राहायची तर पाच किंवा अधिक वादकांनी आपापला सूर नेमक्या क्षणी टाकावा लागतो. १९६७ साली युगांडाच्या नव्या घटनेने जुनी राज्ये बरखास्त केली. राजा नाही म्हणून अभिषेक नाही, अभिषेक नाही म्हणून कर्णे नाहीत, आणि कर्णेच नाहीत तर तो भोपळा तरी कोण लावणार? १९९३ साली राज्ये सांस्कृतिक संस्था म्हणून परत आली. पण २०१२ साली युनेस्कोने बिगवालाची नोंद तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत केली, तेव्हा हे कर्णे घडवणारे, वाजवणारे आणि त्यांवर नाचणारे जुने जाणकार फक्त चार उरले होते. पुढे संगीताचे अध्यापक जेम्स इसाबिर्ये यांच्या पुढाकाराने जे काम झाले, त्यात तरुणांना वादन शिकवण्याबरोबर भोपळ्याची लागवडही होती.

पूर्व आफ्रिकेचे संगीत जपण्यासाठी आज ध्वनिमुद्रक, निर्माते, वादक, शिक्षक, महोत्सवांचे आयोजक अशी बरीच मंडळी झटत आहेत. त्यांच्या कामाचा विचार करताना हा भोपळा डोळ्यांसमोर ठेवावा असे मला वाटते. हाताशी पैसा थोडा असतो आणि म्हातारे गुरू एकेक करून जात असतात. अशा वेळी त्यांचे वादन आधी मुद्रित करून घ्यायचे, की त्यांच्यासमोर चार मुले बसवायची? दोन्ही करा, हे उत्तर सोपे आहे. पण अंदाजपत्रक मांडायला बसणाऱ्याला एक रक्कम वर आणि दुसरी खाली लिहावीच लागते.

मुद्रण आधी, असे म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे, आणि तिच्यामागे रक्त सांडलेले आहे. बुगांडाच्या काबाकाच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, वाड्यात एन्टेंगा नावाचे वाद्य होते: सुरांत लावलेले पंधरा ढोल, त्यांतल्या बारांवर चौघे मिळून धून वाजवत आणि उरलेल्या तीन ढोलांवर दोघे ताल धरत. मे १९६६ मध्ये सरकारी सैन्य मेंगोच्या राजवाड्यावर चालून गेले. काबाका परदेशी निसटले, दरबारी वादक पांगले आणि अनेक पिढ्यांची बैठक एका दिवसात मोडली. त्याआधी काही वर्षे युगांडा म्युझियमचे क्युरेटर क्लाउस वाक्समान यांनी देशभर फिरून ध्वनिमुद्रणे केली होती. ती झाली नसती, तर जुन्या वादनाबद्दल नुसते ऐकीव वर्णन उरले असते. पुढे हयात असलेल्या मोजक्या राजवादकांकडून तरुणांनी एन्टेंगा पुन्हा शिकून घेतले. माणसाची आठवण कुठे निसटते हे पडताळायला जुने मुद्रण लागतेच. सोमालीलँडच्या हर्गेसा शहराचीही अशीच कथा आहे. १९८८ साली बॉम्बहल्ल्यांत ते शहर उद्ध्वस्त होत असताना रेडिओच्या टेपा लोकांनी जमिनीत पुरून वाचवल्या. जीव वाचवायची वेळ असताना ज्यांनी गाण्यांसाठी खड्डे खणले, त्यांना संग्रहाचे महत्त्व कोणी सांगायला नको.

तरीही मुद्रण झाले म्हणजे संगीत वाचले, हा हिशेब मला पटत नाही. वाक्समान यांचा संग्रह लंडनला गेला. त्याच्या प्रती मकेरेरे विद्यापीठात पोचायला अर्धे शतक लागले. ह्यू ट्रेसी यांनी १९५० साली केनियात किप्सिगिस लोकांची गाणी मुद्रित केली. त्यांत मुलींनी म्हटलेले ‘चेमिरोचा’ हे गाणे होते. जिमी रॉजर्स या अमेरिकन गायकाच्या ग्रामोफोनवरच्या आवाजाने भारावून या गाण्यात त्यांनी त्याला अर्धा माणूस, अर्धे हरीण असे कल्पिले होते. हे गाणे जगभरच्या रसिकांनी ऐकले. ट्रेसी यांनी स्थापलेली इंटरनॅशनल लायब्ररी ऑफ आफ्रिकन म्युझिक दक्षिण आफ्रिकेत आहे. तिथल्या कपाटातून या मुद्रणांच्या प्रती गेल्या दशकात किप्सिगिस लोकांच्या कापकाटेट परिसरात परत आल्या. ट्रेसींसाठी वाजवणाऱ्यांपैकी एक जण तोवर ऐंशी ओलांडून हयात होता. साठ-पासष्ट वर्षे त्याचे संगीत जगाकडे होते आणि त्याच्या नातवंडांकडे नव्हते. त्या काळी साधने महाग होती, टेप जपायला थंड, कोरडी खोली लागे, हे खरे. आज एका खिशात मावणाऱ्या ड्राइव्हवर सारे गाव मावते. आज कोणी गावात मुद्रण करून प्रत मागे न ठेवता निघून गेला, तर त्याला कसलीच सबब नाही.

कापकाटेटला त्या प्रती परत नेणाऱ्यांत नैरोबीचे ताबू ओसुसा होते. त्यांनी २००७ साली केटेबुल म्युझिक ही संस्था काढली. ब्रिटनच्या अबुबिला म्युझिक फाउंडेशनबरोबर ती ‘सिंगिंग वेल्स’ हा उपक्रम चालवते: फिरता स्टुडिओ गावात जातो आणि वादक आपल्याच अंगणात, आपल्याच माणसांसमोर वाजवतो. केटेबुलचे मला अधिक मोल वाटते ते दुसऱ्या कारणाने. तिने लोकसंगीताच्या जोडीला बेंगासारख्या बाजारात वाढलेल्या संगीताचाही माग काढला, त्यावर माहितीपट आणि पुस्तिका केल्या. बेंगा म्हणजे गिटारवरचे नाचाचे संगीत. पण लुओ लोकांच्या आठ तारांच्या न्यातिती वाद्यावर बोटे जशी चालतात, तशीच ती बेंगाच्या गिटारवर चालतात. डी. ओ. मिसियानींच्या शिराती जाझची गिटार ऐका, म्हणजे जुने वाद्य नव्या लाकडात कसे शिरले ते कळते. हे कोणत्याही संवर्धन योजनेखाली घडलेले नाही. वादकांना नवे वाद्य मिळाले आणि लोकांना नाचायचे होते, एवढ्यावरच ते घडले.

म्हणूनच आजच्या फेरमिश्रणांवर सरसकट नाक मुरडणे मला मान्य नाही. नैरोबीची सांतुरी, कंपालाची न्येगे न्येगे टेप्स ही मंडळी पारंपरिक सूर संगणकावर आणतात. गावातल्या म्हातारीचा आवाज बर्लिनच्या नाचघराचा कच्चा माल होतो, हा आक्षेप खोटा नाही. पण उत्तर युगांडातल्या गुलूचा ओटिम अल्फा पाहा. अचोली लग्नांत मोठा वादकांचा ताफा बोलावणे परवडेनासे झाले, तेव्हा तीच लग्नगाणी कीबोर्ड आणि संगणकावर वाजू लागली. ओटिमच्या अशा गाण्यांचा संग्रह न्येगे न्येगेने २०१७ साली जगासमोर आणला. इथे बदल त्याच समाजाने, त्याच्याच लग्नमांडवासाठी केलेला आहे. बदल कोणी ठरवला आणि मिळकत कोणाकडे गेली, या दोन प्रश्नांवर प्रत्येक फेरमिश्रण तपासावे. केनियाने २०१६ साली पारंपरिक ज्ञान आणि सांस्कृतिक अभिव्यक्तीच्या संरक्षणाचा कायदा केला; समाजाची संमती आणि लाभातला वाटा ही तत्त्वे त्यात आहेत. स्टुडिओत बसणाऱ्या प्रत्येक निर्मात्याने तो पाठ करावा.

हक्काचा हा प्रश्न नुसत्या खेड्यांपुरता नाही. राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्या काळात टांझानियातल्या वाद्यवृंदांना मुद्रणासाठी जवळपास सरकारी रेडिओचाच स्टुडिओ होता. त्या टेपा म्हणजे एका राष्ट्राचे तारुण्य आहे. त्या जपणे निकडीचे आहे, पण त्या विकल्या जाऊ लागल्या तर पैसा रेडिओचा, वादकांच्या वारसांचा, की टेपा डिजिटल करून देणाऱ्याचा? हे आधी लिहून ठरवल्याशिवाय कपाट उघडू नये, या मताचा मी आहे, उशीर झाला तरी.

उरतो पैसा. झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये २००२ साली धाउ कंट्रीज म्युझिक अकॅडमी सुरू झाली. औद, कानून, व्हायोलिन ही वाद्ये आणि तारब हा तिथला गायनप्रकार तिथे शिकवला जातो. ज्या मुलींना पूर्वी वाद्य हाती मिळणे कठीण होते, त्याही शिकतात. वाजवणारे हात घडवणारी याहून थेट जागा त्या किनाऱ्यावर मला माहीत नाही. तरी २०१९ साली परदेशी देणगीदार मागे हटताच ती बंद पडायच्या बेतात आली. त्याच शहरातला साउती झा बुसारा महोत्सव निधीअभावी २०१६ साली झालाच नाही. परक्या पैशाला नावे ठेवणे सोपे, पण त्याच्याशिवाय केटेबुलचे निम्मे कामही उभे राहिले नसते. फोर्ड फाउंडेशनचे साहाय्य तिला मिळाले होते. दोष असा की देणगीदाराला दाखवण्याजोगी वस्तू हवी असते: अल्बम, माहितीपट, महोत्सवाची छायाचित्रे. तीन वर्षे रोज संध्याकाळी एका मुलाला औद शिकवला, याचे छायाचित्र काय निघणार? ही उणीव भरून काढण्याचे काम तिथल्या सरकारांचे आहे. शाळेच्या वेळापत्रकात स्थानिक वाद्याला तास आणि गावातल्या गुरूला, पदवी नसली तरी, पगार, एवढे तरी त्यांनी करायला हवे.

सगळे तोलून माझा कौल असा: गुरू ऐंशीचा असेल तर मुद्रण आजच करा, त्याला थांबू नका. पण ज्या योजनेत मुद्रणाची रक्कम आहे आणि शिकवण्याची नाही, ती योजना मंजूर करू नका. गुरूचे मानधन आणि शिष्यांची सोय पहिल्या ओळीत, गावातल्या प्रतीची तरतूद दुसऱ्या, मग यंत्रे, आणि महोत्सव शेवटी.

मराठी वाचकाने या सगळ्याकडे लांबून पाहायचे कारण नाही. फुम्बा गावातल्या गरीब घरात जन्मलेली, मातीची भांडी विकणारी सिती बिंती साद पुढे झांझिबारची थोर गायिका झाली. श्रीमंतांच्या बैठकीतले अरबी तारब तिने स्वाहिलीत, सामान्यांच्या भाषेत आणले. १९२८ साली ती आपल्या वादकांसह समुद्र ओलांडून मुंबईला आली आणि ग्रामोफोन कंपनीसाठी गायली. ती गाणी पूर्व आफ्रिकेच्या गायकांच्या पहिल्या व्यापारी मुद्रणांत गणली जातात. मुंबई-पुण्यात जुन्या तबकड्या प्रेमाने जपणारे पुष्कळ आहेत. मुंबईत तर १९९० साली तबकड्या जमवणाऱ्यांची संघटनाच सुरू झाली. आपल्या संग्रहात त्या काळची एखादी स्वाहिली तबकडी निघाली, तर तिची डिजिटल प्रत स्टोन टाउनच्या त्या अकॅडमीकडे जरूर पाठवा. तिथे ती ऐकून शिकणारे विद्यार्थी आहेत.