पटाच्या जोडीची वंशावळ

१९४७ च्या सप्टेंबर महिन्यात, देश स्वतंत्र होऊन पुरता महिना लोटतो न लोटतो तोच, इंग्लंडातील डाँकास्टरच्या मैदानावर सेंट लेजर ही १७७६ पासून अखंड प्रतिष्ठा पावलेली शर्यत एका तीन वर्षांच्या घोड्याने अवघ्या डोक्याएवढ्या अंतराने जिंकली, आणि त्या घोड्याचे नाव सयाजीराव असे होते. त्या वर्षीची आयरिश डर्बी त्याने आधीच जिंकली होती. न्यूमार्केटची टू थाउजंड गिनीज आणि इप्समची डर्बी या दोन्ही शर्यतींत तो तिसरा आला होता. त्याचे मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड, आणि ज्यांचे नाव त्याला मिळाले ते त्यांचे आजोबा, म्हणजे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात जन्मून बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेले, १९०६ मध्ये आपल्या साऱ्या मुलखात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारे आणि डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी विद्यावेतन देणारे सयाजीराव महाराज. आमच्या सावंगी (मेघे) येथील रुग्णालयाला ज्या विनोबांचे नाव आहे, त्यांचे शालेय शिक्षणही याच सयाजीरावांच्या बडोद्यात झाले. वर्ध्याच्या मातीशी बडोद्याचे असे नाते असल्यामुळे त्या घोड्याचा विचार येथून करावा, यात मला काही विपरीत वाटत नाही.

हा घोडा जन्मला होता १९४४ मध्ये. त्याचा सख्खा थोरला भाऊ दांते याने १९४५ ची डर्बी जिंकली, आणि त्याच वर्षी या वर्षभराच्या शिंगरासाठी महाराजांनी २८,००० गिनी मोजल्या. वर्षभराच्या शिंगराला एवढी किंमत ब्रिटनमध्ये त्यापूर्वी कधी आली नव्हती. न्यूमार्केट येथील वॉरन प्लेस ही वास्तू महाराजांनी घेतली, सॅम आर्मस्ट्राँग यांना तेथे प्रशिक्षक नेमले, आणि एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी सेंट लेजरच्या दिवशी त्या घोड्यावर बसला. पुढच्याच वर्षी माय बाबू या त्यांच्या दुसऱ्या घोड्याने टू थाउजंड गिनीज जिंकली. यशाची कमान अशी चढती असताना इकडे संस्थानच्या खजिन्यातून झालेल्या उचलीवरून वादळ उठले, १९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९५१ मध्ये महाराजांची राजा म्हणून असलेली मान्यताही भारत सरकारने काढून घेतली. वॉरन प्लेस पुढे नोएल मरलेस यांच्याकडे आणि त्यांच्यानंतर हेन्री सेसिल यांच्याकडे गेले. २०१० ते २०१२ या काळात चौदा शर्यती धावून चौदाही जिंकणारा फ्रँकेल ज्या तबेल्यात तयार झाला, तो हाच. मराठी राजाने घेतलेल्या पागेत पुढे शतकातला सर्वश्रेष्ठ म्हणवला जाणारा घोडा वाढला, आणि तोवर त्या पागेशी आपला काही संबंध उरला नव्हता.

प्रयत्नाने जोपासलेले श्रेष्ठत्व आणि द्रव्य देऊन आणलेले श्रेष्ठत्व यांत जे अंतर असते, ते या एका हकिकतीत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसत असेल. सयाजीराव हा घोडा थोरच होता. त्याच्या अपत्यांपैकी ग्लॅडनेस या घोडीने १९५८ मध्ये ॲस्कॉट गोल्ड कप जिंकला आणि इंडियाना या घोड्याने १९६४ मध्ये पित्याप्रमाणेच सेंट लेजर जिंकली. परंतु त्या यशांवर बडोद्याचे नाव नव्हते. घोडा आपण विकत घेतला होता. ज्या वहीमुळे तो घोडा जन्माला आला, ती वही आपण घरी आणली नाही.

या वहीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. युरोपातील सपाट मैदानावरच्या, अडथळ्यांवाचूनच्या शर्यतींचा जो थरोब्रेड घोडा, त्याची पितृपरंपरा बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या पूर्वेकडून आलेल्या तीन घोड्यांपर्यंत जाऊन पोहोचते. म्हणजे मूळ बीज इंग्लंडचे नव्हतेच. इंग्लंडचे होते ते लेखन. जेम्स वेदरबी यांनी १७९१ मध्ये जनरल स्टड बुक प्रसिद्ध केले, तेव्हापासून प्रत्येक शिंगराची आई कोण, बाप कोण, याची नोंद त्यात होत आली, आणि ज्याची नोंद नाही त्याला शर्यतीत उभे राहता येईनासे झाले. पानिपतावर आपले हजारो घोडे पडले ते १७६१ साल. त्यानंतर तीनच वर्षांनी, सूर्यग्रहणाच्या दिवशी, एक्लिप्स नावाचा घोडा इंग्लंडात जन्मला, जो आयुष्यात एकही शर्यत हरला नाही आणि ज्याच्या पितृवंशात आजचे बहुतांश थरोब्रेड येतात. त्या काळात पागा, बारगीर, शिलेदार, फडणिशी यांनी गजबजलेल्या आपल्या दौलतीत कागदाची वाण नव्हती. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल आजही अभ्यासकांना पुरून उरतात. घोड्यांची खरेदी, त्यांचा दाणा-वैरण, त्यांची मोजदाद हे सारे आपल्या कारकुनांनी लिहिले. भीमेच्या खोऱ्यातील ज्या भीमथडी तट्टांनी अटकेपर्यंत मजल मारली, त्यांची वंशावळ मात्र कोणी पिढ्यानपिढ्या लिहून ठेवली नाही. जमाखर्च राहिला आणि वंश विरत गेला.

दुसरी गोष्ट परीक्षेची. १७८० मध्ये सुरू झालेली डर्बी इप्समच्या चढउताराच्या मैदानावर दीड मैलाच्या अंतरावर धावली जाते आणि तिच्यात केवळ तीन वर्षांचे घोडे आणि घोड्या भाग घेतात. पॅरिसच्या लाँगशाँ मैदानावर १९२० मध्ये सुरू झालेली आर्क द त्रियाँफ ही वेगवेगळ्या वयांच्या घोड्यांची गाठ घालून देते. डर्बीत खच्ची केलेल्या घोड्याला प्रवेश नाही आणि आर्कमध्येही तो दीर्घकाळ नव्हता; माझ्या मते साऱ्या युरोपीय शर्यतीचे मर्म या एका नियमात आहे. तेथे जिंकणारा नुसता त्या दिवसापुरता जिंकत नाही. पुढच्या पिढीचा पिता किंवा माता होण्याचा अधिकार तो मिळवतो. इटलीतील दोर्मेल्लो येथे मॅज्जोरे सरोवराच्या काठी फेदेरिको तेसिओ या गृहस्थाने, राजेरजवाड्यांच्या मानाने तुटपुंज्या द्रव्यावर, निरीक्षण आणि टिपणे यांच्या बळावर घोडे पैदा केले. त्यांपैकी निआर्को चौदा शर्यतींत अजिंक्य राहिला आणि रिबो सोळा शर्यतींत. रिबोने तर १९५५ आणि १९५६ अशी सलग दोन वर्षे आर्क जिंकली. आपला सयाजीराव या निआर्कोचाच मुलगा, आणि फ्रँकेल हा निआर्कोपासून निआर्क्टिक, नॉर्दर्न डान्सर, सॅडलर्स वेल्स, गॅलिलिओ असा खाली येणारा पितृवंशज. ही नावे मी सावंगीत बसून न अडखळता सांगू शकतो, ती केवळ ती कोणीतरी लिहून ठेवली म्हणून.

वर्ध्याच्या वाचकाला याचे आणखी एक उदाहरण जवळचे वाटेल. १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने छोडो भारतचा ठराव केला, आणि ९ ऑगस्टला अटक झाल्यावर सेवाग्रामचे गांधीजी ज्या वास्तूत स्थानबद्ध झाले, महादेवभाईंनी त्याच महिन्याच्या १५ तारखेला आणि कस्तुरबांनी २२ फेब्रुवारी १९४४ रोजी जेथे देह ठेवला, तो पुण्याचा आगाखान राजवाडा. त्या राजवाड्याचे धनी तिसरे आगाखान हे त्याच काळी युरोपच्या शर्यतींतील अग्रगण्य मालकांपैकी होते. ब्लेनहाइम, बहराम, महमूद, माय लव्ह आणि तुल्यार अशा पाच घोड्यांनी त्यांना डर्बी मिळवून दिली. त्यांतील बहराम १९३५ मध्ये टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर ही तिन्ही जिंकून अपराजित निवृत्त झाला. राजवाड्यात समाध्यांपुढे नतमस्तक होऊन परतणाऱ्या यात्रेकरूच्या ध्यानीमनीही हे नसते, आणि ते स्वाभाविकच आहे. पण आगाखानांनी जे केले ते बडोद्याने केले नाही. १९२२ मध्ये त्यांच्यासाठी ९,१०० गिनींना घेतलेली मुमताज महल नावाची एक शिंगरी पुढे विलक्षण वेगवान घोडी निघालीच, परंतु तिचे खरे मोल ती धावायची थांबल्यावर कळले. महमूद तिच्या लेकीचा मुलगा. निआर्कोपासून झालेला नसरुल्ला हाही तिच्या दुसऱ्या लेकीचा मुलगा. १९८१ ची डर्बी दहा लांबींनी जिंकणारा शेरगार आणि २००८ ची आर्क जिंकून अपराजित राहिलेली झारकावा ही तिच्याच मातृवंशातली. खरेदी एकदाच झाली आणि जोपासना शतकभर चालली.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळतो, कारण हे सारे मी ज्यासाठी लिहितो आहे ते येथे आहे. आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांत नंदगवळी आणि इतर पशुपालकांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलेली गवळाऊ ही पांढरी, हलक्या हाडाची, चालीने जलद अशी गोजात आहे. डोंगराळ मुलखात मराठी फौजांचे सामान झपाट्याने वाहण्यासाठी तिची निवड होत गेली, असे पशुशास्त्राचे ग्रंथ सांगतात. म्हणजे वेगासाठी पारखलेले जनावर आमच्या उंबरठ्याशी उभे आहे. कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथे तिच्यासाठी सरकारी पैदास केंद्र आहे. जमनालाल बजाज यांनी आयुष्याचा अखेरचा काळ गोसेवेला वाहिला तो याच वर्ध्यात, आणि येथील गोरस भंडाराचा गोरसपाक घरोघरी पोहोचला आहे. वेगाच्या परीक्षेचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शंकरपटाचे म्हणाल तर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर मुभा दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवल्यानंतर तळेगाव दशासरसारख्या नावाजलेल्या पटांवर पुन्हा सेकंदाच्या अंशांत वेळ मोजली जाऊ लागली आहे. जोडी पहिली आली की मालकाच्या नावाचा पुकारा होतो, धुरकऱ्याला फेटा बांधतात, बक्षिसाची रक्कम जाहीर होते. त्या बैलाची आई कोणाच्या गोठ्यातली, हे मात्र कोणी विचारत नाही, आणि पुढच्या हंगामात तो बैल खच्ची झालेला असला तर त्याचा वेग त्याच्याबरोबरच संपलेला असतो.

मला ठाऊक आहे की शर्यत म्हटली की येथील सात्त्विक मनाला जुगार आठवतो, आणि तो आठवणे अयोग्य नाही; गांधीजींनी घोड्यांच्या शर्यतीच्या व्यसनावर कडक लिहिले होते आणि पैजेपायी उद्ध्वस्त झालेली घरे कोणत्याही शहरात दाखवता येतील. परंतु पैज हे शर्यतीच्या अंगावर वाढलेले बांडगूळ आहे. त्यासाठी झाड तोडण्याचे कारण नाही. जनावरांच्या छळाचा आक्षेप याहून गंभीर आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येत नाही. ब्रिटनमध्येही सपाट शर्यतीत जॉकीला चाबूक सहापेक्षा अधिक वेळा वापरता येत नाही, असा नियम २०२३ पासून आहे, आणि आपल्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी व पशुवैद्यकाचा दाखला सक्तीचा आहे. तो दाखला केवळ औपचारिक कागद होऊ नये याची जबाबदारी आयोजकांइतकीच प्रेक्षकांचीही आहे. जनावराची किंमत ज्याला त्याच्या वंशासकट कळते, तो त्याला टोचण्यास धजत नाही, असे मला मनापासून वाटते.

तेव्हा मागणे साधे आहे आणि त्यासाठी नवा विभाग उघडावा लागत नाही. धनिकांच्या शर्यतीच्या घोड्यांची वंशनोंद करणारे भारतीय स्टड बुकचे कार्यालय पुण्यात आहे. शेतकऱ्याच्या बैलालाही तोच मान मिळाला पाहिजे. जनावरांच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला आता शासनच लावते. पटाच्या आधी पशुवैद्यक जो दाखला देतो, त्यावर हा क्रमांक, आईचा क्रमांक, माहीत असेल तर वळूचा क्रमांक आणि जात, एवढे चार रकाने वाढवावेत. निकालाच्या पत्रकात जोडीच्या वेळेपुढे हेच क्रमांक लिहावेत. आणि वर्षाच्या शेवटी जिल्ह्यातील सर्व पटांची एकत्र नोंद नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने मराठीत छापून ग्रामपंचायतींना पाठवावी. सुरुवातीची काही वर्षे निम्मे रकाने रिकामे राहतील. वेदरबींच्या पहिल्या वहीतही पुष्कळ घोड्यांच्या आया निनावी आहेत; म्हणून त्यांनी वही बंद केली नाही. गवळाऊ जातीचा जो गोऱ्हा पटात सिद्ध झाला, त्याला खच्ची न करता दोन-तीन हंगाम वळू म्हणून ठेवण्याबद्दल मालकाला हेटीकुंडीच्या केंद्रामार्फत मानधन द्यावे, आणि त्याच्या वासरांना बिल्ला लावताना बापाचा रकाना त्याच दिवशी भरावा. पटांचा हंगाम थंडीत सुरू होतो. दाखल्याच्या नमुन्यात चार रकाने वाढवण्यासाठी जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयाला तोपर्यंतचा अवधी पुरेसा आहे.