रुग्णवाहिका उभी कुठे करावी?

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी पुढे सरकते, तेव्हा रुग्णवाहिका कुठे उभ्या ठेवायच्या, हा प्रश्न दरवर्षी येतो. 50 जागांतून 10 निवडायच्या म्हटल्या, तरी 1,027 कोटी पर्याय निघतात. ते सगळे पडताळण्यापेक्षा एक ठोकताळा सोपा: जिथून सर्वाधिक लोकांपर्यंत वेळेत पोहोचता येईल ती जागा आधी, मग उरलेल्यांसाठी पुढची.

हा ठोकताळा किती भरवशाचा? सर्वोत्तम आखणीत 100 जण टप्प्यात येत असतील, तर या पद्धतीने किमान 63 येतातच, हे 1978 मध्ये गणिताने सिद्ध झाले. पण ही हमी एकूण बेरजेची आहे, एकेका गावाची नाही. गर्दी पाहून चालणारा ठोकताळा उजनी जलाशयाकाठच्या विरळ वस्तीकडे शेवटी वळतो. शिवाय पालखीसाठी रस्ता बंद झाला, की मोजलेली अंतरेच खोटी ठरतात.

हृदयविकाराचा झटका किंवा सर्पदंश सरासरी पाहत नाही. म्हणून आखणीची सुरुवात ठोकताळ्याने करावी. मात्र बंद रस्ते धरून ती पुन्हा तपासावी आणि आडबाजूच्या वस्तीसाठी एक गाडी आधीच राखून ठेवावी.